पाच अँपिअरचा बूस्टर आणि वितळलेले स्लीपर: सांगलीच्या गावभागातल्या एका रेल्वे लेआउटचं प्रकरण

श्रावणातल्या एका रात्री साडेआठच्या सुमारास तात्यांचा फोन आला. "माडीवर जळका वास सुटलाय. मेन पाडलाय मी. येऊन जातोस का जरा?" तात्या उगाच फोन करणारा माणूस नव्हे. मी मीटर आणि टेस्टर पिशवीत टाकले आणि गावभागात पोचलो.

वर नातू कोपऱ्यात उभा होता, डोळे भरलेले. खेळण्यातल्या रेल्वेच्या मांडणीच्या, म्हणजे लेआउटच्या, पलीकडच्या टोकाला रुळाखालचे चार स्लीपर (प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या) वितळून रूळ एका बाजूला कलला होता. शेजारी घसरलेल्या इंजिनाच्या बोगीची प्लास्टिकची कड मेणासारखी लोंबत होती. खालचा कॉर्क काळा पडला होता. ज्वाळा उठली नव्हती, एवढंच नशीब. पोरगं पाणी प्यायला खाली गेलं होतं, दोन-तीन मिनिटंच. तेवढ्यात इंजिन सांध्यावर, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागी, घसरलं आणि त्याची चाकं दोन विरुद्ध रुळांना टेकून बसली. म्हणजे सरळ शॉर्ट. अशा वेळी रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरने लगेच ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला हवं, पण तो चालूच राहिला.

मेन पाडण्याआधी तात्यांनी बूस्टरच्या पडद्यावरचा आकडा पाहून ठेवला होता: ४.४ अँपिअर. त्या वेळी रुळावर ते एकच इंजिन होतं. हा आकडा नसता तर हे प्रकरण मला इतकं स्वच्छ उलगडलं नसतं.

माणूस, माडी आणि मांडणी

तात्या मिरजेला रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. मिरज जंक्शनवर एकेकाळी १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशी तीन गेजं, म्हणजे दोन रुळांमधली अंतरं, होती. तात्यांनी नोकरीत तिन्ही पाहिली, शेवटचं म्हणजे बार्शी लाइट या अरुंद लाइनचं. निवृत्तीनंतर नातवासाठी म्हणून लेआउट सुरू झाला आणि दोघांचाही जीव त्यात अडकला. अमेरिकेतला पुतण्या दर सुट्टीत काहीतरी घेऊन येतो. सगळा माल एचओ मापाचा, म्हणजे १:८७. त्याचं गेज १६.५ मिलिमीटर. आपली मोठी लाइन त्या प्रमाणात १९.३ मिलिमीटर व्हायला हवी, हा हिशेब तात्यांनी पहिल्याच दिवशी करून ठेवला होता आणि त्यांना त्याची हळहळ आजही आहे.

२०१९ च्या महापुरात त्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं, म्हणून लेआउट माडीवर. वर पत्रा आहे. चौकोनी लोखंडी पाइपची फ्रेम, तिच्यावर प्लायवूड, १४ बाय ६ फूट. बाहेरचा मुख्य लूप साधारण ११ मीटर. चार इंजिनं आणि दिवे लागणारे चौदा डबे.

चालवण्याची पद्धत डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल). ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या डीसी लेआउटवर रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून गाडीचा वेग बदलतात, जास्तीत जास्त १२ व्होल्ट. डीसीसीत रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं. तात्यांच्या इथे ते सुमारे १५ व्होल्ट होतं, सतत दिशा बदलणाऱ्या चौकोनी लहरींच्या रूपात. त्या लहरींतच हुकूम भरलेला असतो आणि इंजिनातला डिकोडर तो ओळखून मोटर चालवतो. त्यामुळे एकाच रुळावर चार इंजिनं चार वेगांनी धावू शकतात. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की गाडी उभी असो वा पळती, पूर्ण ताकद चोवीस तास रुळात हजर असते.

आधीची तक्रार आणि तिच्यावरचा उपाय

वर्षभरापूर्वीपर्यंत तिथे ३ अँपिअरचा बूस्टर होता. त्याच्याबद्दल दोन तक्रारी होत्या. पलीकडच्या टोकाला गाड्या मंदावत. आणि चारही इंजिनं डब्यांसह सोडली की बूस्टर ट्रिप होई. तात्यांनी मीटर लावून पाहिलं होतं, व्होल्टेज सगळीकडे सारखं. मग निष्कर्ष निघाला की सप्लाय कमी पडतोय. पुतण्याने ५ अँपिअरचा बूस्टर आणला. ट्रिप होणं थांबलं आणि घरात आनंद झाला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचते ती हीच जागा. ट्रिप होणं थांबलं ते बिघाड गेला म्हणून नव्हे. बिघाड होता तिथेच होता, फक्त तो ओरडायचा बंद झाला होता. वायरिंगच्या कामात मी हे घरोघरी पाहतो. एमसीबी सारखा पडतो म्हणून लोक १० चा काढून २० चा बसवतात आणि भिंतीतली वायर मात्र तीच राहते.

पहिली संध्याकाळ वाया गेली

दुसऱ्या दिवशी मी बूस्टर चालू करून साध्या मल्टिमीटरने ठिकठिकाणी व्होल्टेज मोजलं. आकडे कुठे १३, कुठे १६, काहीच जुळेना. चूक माझी होती. डीसीसीच्या लहरी सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतात आणि आकाराने चौकोनी असतात. घरगुती मीटर ५० हर्ट्झच्या गोल लहरीसाठी बनवलेला असतो. त्याने डीसीसीवर दाखवलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

म्हणून तिसऱ्या दिवशी बूस्टर पूर्ण सोडवला. त्याच्या जागी साधा १२ व्होल्ट डीसी सप्लाय जोडला आणि स्टेशन रोडवरच्या दुकानातून चारचाकीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा दिवा आणला. हा दिवा १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खातो, म्हणजे रुळावर चार इंजिनं धावत असल्यासारखा लोड. दिव्याला दोन तारा सोल्डर केल्या, टोकांना चिमटे लावले आणि लूपवर एकेक हात पुढे सरकत गेलो.

दिवा न लावता मीटर सगळीकडे १२.१ दाखवत होता. तात्यांना वर्षभरापूर्वी मिळालेलं उत्तर हेच. लोड नसेल तर प्रवाह नाही, आणि प्रवाह नाही तर खराब जोडातसुद्धा व्होल्टेज पडत नाही. दिवा लावल्यावर खरं चित्र दिसलं. जिथे वायर रुळाला जोडली होती तिथेच ११.२. पुढे प्रत्येक जोडाला थोडं थोडं उतरत पलीकडच्या टोकाला ७.९. दिवा तांबूस, मरगळलेला. नातू म्हणाला, "लोडशेडिंगच्या आधीसारखा झालाय." तंतोतंत तसाच दिसत होता.

इथे शब्दांचा घोळ नको म्हणून सांगतो: गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेतो तो सांधा, आणि रुळाचे दोन तुकडे पातळ पत्र्याच्या खोळीत सरकवून जुळवतात तो जोड.

७.९ व्होल्टवर दिवा साधारण १.४ अँपिअर घेत होता. वाटेत हरवले ४.२ व्होल्ट. भागाकार केला की वाटेचा रोध निघतो ३ ओहम. तो कुठे कुठे बसला होता हेही मोजता आलं. बूस्टरपासून रुळापर्यंत बेलची बारीक वायर ओढलेली होती, तिच्यात अर्धा ओहम. वितळलेल्या जागेला लागून असलेल्या एकाच जोडावर १.४ व्होल्ट पडत होते, म्हणजे तो एकटा जोड १ ओहम. उरलेला दीड ओहम रूळ आणि बाकीचे जोड मिळून. मॉडेलचे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. तो दिसायला चांदीसारखा, पण वीज वाहायला तांब्याच्या पंधरा पटींहून अधिक अडखळणारा धातू. आणि लूप दोन्ही बाजूंनी जोडलेला असूनही प्रवाह एकाच बाजूने जात होता, कारण दुसऱ्या बाजूचा एक जोड आतून सुटलेला. खडी चिकटवताना पातळ केलेला पांढरा गोंद खोळीत झिरपला होता. वरून रूळ अखंड दिसत होता.

४.४ चा हिशेब

आता त्या रात्रीकडे जाऊ. वाटेचा रोध ३ ओहम, घसरलेल्या चाकांच्या टेकण्यात आणखी ०.४ धरू. १५ भागिले ३.४, म्हणजे ४.४ अँपिअर. तात्यांनी पाहिलेला आकडा हाच.

बूस्टर ट्रिप होणार ५ च्या वर. त्याच्या दृष्टीने ४.४ अँपिअर म्हणजे भरपूर गाड्या मजेत चालल्या आहेत. शॉर्ट आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता, खराब वायरिंगने शॉर्टचा प्रवाह दाबून त्याला साध्या लोडचं सोंग दिलं होतं. जुना ३ अँपिअरचा बूस्टर असता तर तो याच जागी, याच शॉर्टला पडला असता. कुरकुर करत का होईना, तो राखण करत होता.

आणि उष्णता? एक ओहमच्या जोडातून ४.४ अँपिअर गेले की १९ वॉट तयार होतात. आमच्याकडचं लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. जवळजवळ तेवढी धग तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या स्लीपरवर, दोन-तीन मिनिटं. स्लीपर वितळले यात नवल नाही.

मुलांच्या विजेच्या खेळण्यांना २४ व्होल्टची मर्यादा असते आणि ती योग्यच आहे, कारण तेवढ्याने जिवाला धोका होईल असा शॉक सहसा बसत नाही. पण लोक यावरून असं धरून चालतात की कमी व्होल्टेजला आग लागत नाही. उष्णता ठरते प्रवाह आणि रोध यांवर. १५ व्होल्टवरही खोली पेटू शकते.

तात्या गप्प झाले

हा हिशेब मी वहीच्या पानावर मांडला तेव्हा तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, हे तर माझंच काम होतं की. आयुष्यभर केलं."

ट्रॅक सर्किट हा त्यांचा रोजचा विषय. खऱ्या रेल्वेत रुळाचा एक टप्पा विजेच्या दृष्टीने दोन्ही टोकांना वेगळा करतात. एका टोकाला सप्लाय, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की तिच्या आसांमुळे दोन्ही रूळ शॉर्ट होतात, रिलेला वीज मिळत नाही, तो पडतो आणि टप्पा व्यापला आहे हे कळतं. यासाठी रूळ टोकापासून टोकापर्यंत अखंड वाहता हवा. दोन रूळ जुळवणारी लोखंडी पट्टी, म्हणजे फिशप्लेट, बोल्टांनी कितीही घट्ट आवळली तरी तिच्यावर विजेसाठी कोणी भरवसा ठेवत नाही, कारण आत गंज चढतो. म्हणून प्रत्येक जोडाला वळसा घालून तारेचे बॉन्ड मारतात. बॉन्ड तुटला की सर्किट बिघडतं, आणि मेंटेनर पावसात भिजत जोडन् जोड तपासत जातो.

"फिशप्लेट गाडी पेलायला, बॉन्ड वीज न्यायला," ते नातवाला म्हणाले. "दोन कामं, दोन वस्तू. आपण इथं एकाच पत्र्यावर दोन्ही टाकली."

दुरुस्तीचं सगळं सूत्र या वाक्यात होतं. पुढचे दोन रविवार आम्ही तिघांनी फक्त ते अमलात आणलं.

काम

प्लायवूडच्या खाली अडीचच्या तांब्याच्या दोन वायरी, लाल आणि काळी, बूस्टरपासून दोन्ही दिशांना ७-७ मीटर ओढल्या. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम. सात मीटर जाऊन परत येणं म्हणजे १४ मीटर, म्हणजे जेमतेम ०.११ ओहम. त्या मुख्य वायरीतून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर, म्हणजे वीज आणणारी छोटी वायर, दिला. फीडर अर्ध्या स्क्वेअरचा, एक फुटापेक्षा लांब नाही, रुळाच्या बाहेरच्या कडेला खालून सोल्डर केलेला. प्लास्टिक वितळू नये म्हणून सोल्डर करताना दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे आणि तापलेलं आयर्न दोन सेकंदांत उचलायचं. हे काम नातवाने केलं. सुरुवातीचे चार फीडर परत करावे लागले, नंतरचे माझ्यापेक्षा नीट झाले.

एक प्रश्न पुतण्याने फोनवर विचारला, की मग सगळे जोडच का सोल्डर करत नाही? कारण वरचा पत्रा. डिसेंबरच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी त्या माडीत २५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने ११ मीटरच्या रुळाची लांबी साडेचार मिलिमीटरच्या आसपास बदलते. सगळं जाम केलं तर उन्हाळ्यात रूळ कमानीसारखा उठेल. शिवाय पावसाळ्यात प्लायवूड फुगतं ते वेगळंच. जोड हलते ठेवायचे आणि वीज फीडरने न्यायची. वळणावरचे काही जोड मात्र आकार टिकावा म्हणून सोल्डर केले.

मग लोड. डब्यांमधले जुने फिलामेंटचे दिवे डब्यामागे साधारण ०.१ अँपिअर खात होते. चौदा डब्यांचे १.४. चार इंजिनांचे मिळून १.६. बेरीज ३, म्हणून तो जुना बूस्टर काठावर येऊन पडत होता. दिवे काढून एलईडी बसवले, रेक्टिफायर आणि रेझिस्टरसह. आता चौदा डबे मिळून ०.२ च्या आसपास. सगळं चालू असताना एकूण १.८.

त्यामुळे आम्ही ५ अँपिअरचा बूस्टर काढून खोक्यात ठेवला आणि जुना ३ चा परत लावला. पुतण्याला थोडं वाईट वाटलं. पण या आकाराच्या लेआउटला लागतं त्यापेक्षा जास्त देणारा सप्लाय नको, असं माझं ठाम मत आहे.

इंडिकेटरच्या दिव्याने पुन्हा फेरी मारली. दूरच्या टोकाला ७.९ च्या जागी ११.६. दिवा सगळीकडे सारखा पांढरा.

फ्रेमला येणाऱ्या झिणझिण्या

हे मूळ तक्रारीत नव्हतं. खाली उताणा पडून वायर ओढताना माझा दंड पाइपला लागला आणि झिणझिणी आली. नातू म्हणाला, "ते नेहमीचंच आहे काका, पावसात जास्त येतं." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

घरांच्या आणि खांबांच्या दिव्यांसाठी जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे त्यातली वीजपुरवठ्याची पेटी, वापरला होता. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पेटीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात आणि पेटी अर्थला बांधलेली आहे हे त्यात गृहीत असतं. अर्थ नसेल तर पेटी २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या आत काही बिघडलं तर तीच पेटी आणि तिच्यावर स्क्रूने बसलेली सगळी फ्रेम जिवंत होईल, आणि पोरं तिथे अनवाणी वावरतात. सॉकेट तीन पिनचं होतं. उघडलं तर अर्थच्या पिनला वायरच नव्हती. माडीचं वायरिंग मागाहून दोनच तारांवर झालेलं.

मीटर बोर्डापासून हिरवी वायर वर आणली, सॉकेटला अर्थ दिलं आणि माडीसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच सप्लाय तोडणारा स्विच, बसवला. हे काम शिकाऊ हाताने करू नये, नोंदणीकृत वायरमनलाच बोलवावं. एसएमपीएसही काढला. तो १२ व्होल्टवर दहा-पंधरा अँपिअर सहज देतो, आणि दिव्यांच्या केसासारख्या वायरींना तेवढे कशाला? त्या जागी २ अँपिअरचा अडॅप्टर आला. सांधे बदलणाऱ्या कॉइलना वेगळा १६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आधीपासून आहे. त्याच्या पुढे कपॅसिटरचं युनिट घातलं, म्हणजे बटण अडकून बसलं तरी कॉइलला एकच ठोका मिळतो आणि ती जळत नाही.

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक अडॅप्टरचं लेबल वाचायचं: १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तरच लावायचा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर तो क्षणात जातो.

नाण्याची तपासणी

शेवटच्या रविवारी लेआउट पूर्ण चालू करून पाच रुपयांचं नाणं घेतलं. दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. बूस्टर तत्क्षणी पडला पाहिजे. मग नाणं उचलून हातभर पुढे. अशी सगळ्या लूपची, यार्डची आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंची फेरी. एखाद्या जागी क्षणभरही उशीर झाला तर तिथला फीडर पुन्हा पाहायचा. यार्डच्या तिसऱ्या रुळावर बूस्टर पडला नाही. तिथे फीडर लावायचाच राहिला होता. बाकी सगळीकडे पास.

तात्यांनी भिंतीवर एक तक्ता चिकटवला आहे, रेल्वेच्या रजिस्टरसारखे रकाने आखून. तारीख, जागा, नाणं, सही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणी, पावसाळ्याचे चार महिने दर पंधरा दिवसांनी. सही नातवाची, खाली तात्यांची.

पलीकडचा परतीचा लूप मात्र अजून बंद आहे. तिथे गाडी वळून त्याच रुळावर येते, म्हणजे डावा रूळ उजव्याला भेटतो आणि आपोआप शॉर्ट होतो. त्यासाठी दोन्ही टोकांना रूळ कापून तो भाग वेगळा करायला हवा आणि ध्रुवता आपोआप उलटवणारं मॉड्यूल लागेल. ते दिवाळीत पुतण्याबरोबर येणार आहे. तोवर त्या लूपच्या तोंडाशी तात्यांनी पुठ्ठ्याचा लाल बोर्ड उभा केला आहे.